पंप बंद कोण करतंय? एका स्विमिंग पूलच्या मोटारीचं प्रकरण

एका निवासी संकुलातल्या स्विमिंग पूलचा पंप दिवसातून आठ-नऊ वेळा आपोआप बंद पडायचा आणि थोड्या वेळाने आपोआप चालूही व्हायचा. मला बोलावलं तोवर हे दोन महिने चाललं होतं आणि पंपावर चार जणांचे हात फिरून गेले होते. एकाने मोटर फिरायला मदत करणारा कपॅसिटर बदलला. एकाने एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की पडणारा बोर्डावरचा खटका, मोठा बसवला. एकाने फिल्टरच्या व्हॉल्व्हचं हँडल फिरवून ‘मोटारीवरचा लोड कमी केला’. चौथा म्हणाला, ‘‘आतला कटआउट काढून डायरेक्ट करून देतो, मग बघा कसा चालतो.’’ त्याला होकार देण्याआधी समितीतल्या एका बाईंना शंका आली आणि त्यांनी मला फोन केला. ती शंका आली हे फार बरं झालं. मोटारीला जपणारा तो कटआउट निघाला असता तर पंप काही दिवस अखंड चालला असता, सगळ्यांना हायसं वाटलं असतं आणि मग एखाद्या दुपारी वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी, जळालं असतं.

तलावाची देखभाल करणारे काका मला दारातच भेटले. त्यांचा पहिला शब्द खुलाशाचा होता. ‘‘साहेब, मी हात लावत नाही. तो आपला आपण बंद पडतो.’’ काका दुपारी पंप बंद करून आडवे होतात, म्हणून पाणी गढूळ राहतं, असा आळ त्यांच्यावर आला होता. त्या आळाला उत्तर म्हणून त्यांनी एक वही ठेवली होती. दोन रकाने, चालू आणि बंद. बाकी काही नाही.

त्या वहीतलं एक पान असं होतं: सकाळी ८:०० चालू, ८:५२ बंद. ९:१४ चालू, ९:५६ बंद. १०:१७ चालू, १०:५४ बंद. असं करत दुपारी २:०५ चालू, २:२६ बंद, २:५१ चालू. पंप आठ तास चालावा अशी टायमरची वेळ लावलेली, पण वहीची बेरीज केली तर तो पावणेपाच तासच चालत होता.

मी पंपाकडे जायच्या आधी पायरीवर बसून ती वही वाचली. बंद पडण्याची वेळ रोज वेगळी, म्हणजे टायमरचा दोष नाही. टायमर बिघडला तरी सहसा वेळ पाळतो. पंप आपोआप परत चालू होतो, म्हणजे एमसीबी पडत नाही. पडलेला खटका माणसाने उचलल्याशिवाय वर जात नाही. सकाळचा पहिला टप्पा सगळ्यांत लांब, कारण रात्रभर मोटर थंड झालेली. दुपारचे टप्पे आखूड. विश्रांती मात्र दर वेळी साधारण सारखीच, वीस ते पंचवीस मिनिटं. तापलं की उघडणारं आणि निवलं की जुळणारं काहीतरी हे करत होतं. तसं एकच काही मोटारीत असतं, वाइंडिंगला चिकटून बसवलेला थर्मल कटआउट. दोन धातूंची एक छोटी पट्टी असते, तापली की वाकते आणि वीज तोडते. ज्या माणसावर संशय घेतला गेला त्यानेच अर्धं निदान लिहून ठेवलं होतं.

बंद करणारे अनेक असतात

पंप बंद पडला की लोक मोटारीकडे धावतात. मी आधी विचारतो, बंद कुणी केला? कारण पंपाच्या वाटेवर त्याला थांबवू शकणारे बरेच जण बसलेले असतात आणि प्रत्येकाची तक्रार वेगळी असते.

एमसीबीचा खटका खाली आला असेल तर करंट फार वाढला किंवा शॉर्ट झालं. आरसीसीबी खाली आला असेल तर वीज वाट सोडून जमिनीकडे गळते आहे. पाण्याजवळ हा खटका ३० मिलीअँपिअरच्या गळतीवरच पडायला हवा आणि तो पडत असेल तर पुन्हापुन्हा वर करून बघू नये. तलावात माणूस असताना तर मुळीच नाही. ड्राय-रन किंवा फ्लो स्विच बसवलेला असेल तर त्याची तक्रार पाणी न येण्याची असते. वेग बदलता येणाऱ्या नव्या पंपांवर पडद्यावर एरर कोड येतो, तो पुसायच्या आधी लिहून घ्यावा. आणि यांपैकी काहीच घडलेलं नसताना मोटर गप्प असेल, हाताला चटका देत असेल, तर तो आतला कटआउट.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. कटआउटने थांबलेली मोटर मेलेली नसते. ती कुठल्याही क्षणी, न सांगता, पूर्ण वेगाने फिरू लागते. पंख्याच्या जाळीत हात, स्ट्रेनरचं (पंपाच्या तोंडाशी कचरा अडवणाऱ्या गाळणीचं) झाकण उघडं आणि मोटर चालू, असे अपघात याच समजुतीतून होतात की ‘बंदच आहे की’. म्हणून मी मेन स्विच पाडतो, त्याला कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. कपॅसिटर मात्र स्विच पाडल्यावरही विजेने भरलेला असू शकतो. तो डिस्चार्ज केल्याशिवाय त्याच्या टोकांना बोट लावत नाही.

काय काय ठीक होतं

पंप दीड एचपीचा, सिंगल फेज, २३० व्होल्टवर चालणारा. नावपट्टीवर पूर्ण लोडचा करंट ७.२ अँपिअर. तलाव १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, सरासरी खोली १.४ मीटर, म्हणजे सुमारे ७० घनमीटर पाणी. सोबत वाळूचा फिल्टर आणि त्याच्या डोक्यावर पाण्याची वाट बदलणारा सहा जागांचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह.

पाण्याची बाजू आधी बघितली. पातळी स्किमरच्या (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या) तोंडाच्या निम्म्यावर होती, बास्केट साफ होती, झाकणाची रबरी रिंग शाबूत होती, पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे नव्हते. मोटर बंद करून मागच्या टोकाने शाफ्ट हाताने फिरवला. सहज फिरला, कुठे अडकला नाही, बेअरिंगची खरखर नाही. कपॅसिटर नवाच होता, २५ मायक्रोफॅरडच्या जागी मीटरवर २४.६ आला. मेगरने, म्हणजे वीज गळते का ते बघणाऱ्या मीटरने, वाइंडिंग ते अर्थ तपासलं, ८० मेगओहम, गळती नाही. म्हणजे मोटर तब्येतीने धडधाकट. बदललेला कपॅसिटर फुकट गेला होता, पण त्या माणसाला मी दोष देत नाही. सिंगल फेज मोटर गरम होते आहे म्हटल्यावर कपॅसिटरवर संशय घेणं चूक नाही. मोजल्याशिवाय बदलणं ही चूक.

एकजण म्हणाला होता की पंप हवा धरतो म्हणून तापतो. हे मला पटत नव्हतं. पंपात हवा शिरली की पाणी कमी उचललं जातं आणि करंट घसरतो. पाण्याविना चालला तर सील जळतं, बॉडी तापते, त्रास होतो, पण तेव्हा क्लॅम्प मीटरवरचा (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरवरचा) आकडा खाली जातो. इथला आकडा सकाळी थंड मोटारीवरच ७.७ होता. नावपट्टीपेक्षा जास्त. म्हणजे मोटर उपाशी नव्हती, तिच्यावर कामाचं ओझं जास्त होतं, किंवा तिला मिळणारी वीज कमी पडत होती.

पुढे निघालं ते असं की दोन्ही होतं. आणि आणखी एक तिसरंही.

दुपारी दोन वाजता

तलावातून सगळ्यांना बाहेर काढलं आणि मी पंपाजवळ बसलो. मल्टिमीटर मोटारीच्या टर्मिनलवर, क्लॅम्प मीटर फेजच्या वायरवर, तिसरा मीटर घेऊन काका बोर्डाजवळ, ५५ मीटरवर. दर पाच मिनिटांनी ते ओरडून आकडा सांगायचे, मी लिहायचो.

सकाळी बोर्डावर २३१ व्होल्ट होते आणि मोटारीवर २१९. दुपारी बोर्डावरच २२२ झाले होते, कारण त्या वेळी सगळ्या संकुलाचा वापर वाढतो. मोटारीवर सुरुवातीला २०९ होते, दहा मिनिटांनी २०८, मग २०७. करंट ८.१ वरून ८.३. आकडे अगदी सावकाश सरकत होते, नुसतं एकदा मीटर लावून बघणाऱ्याला हे दिसलंच नसतं. एकविसाव्या मिनिटाला मोटारीच्या आतून ‘टक्’ असा बारीक आवाज आला. फिरण्याचा आवाज उतरत गेला, पाणी मागे सरकल्याची गुळगुळ ऐकू आली, आणि माझ्या मीटरवरचा आकडा २०७ वरून थेट २२२ वर गेला.

तो आकडा वर गेला तेव्हा मला दोन गोष्टी एकदम कळल्या. मोटारीच्या टर्मिनलवर पूर्ण वीज उभी आहे आणि तरी मोटर गप्प, म्हणजे तोडणारा आतलाच, कटआउटच. आणि वीज वाहत असताना १५ व्होल्ट वाटेत हरवतात, वाहायची थांबली की ते परत मिळतात. ते १५ व्होल्ट बोर्ड आणि मोटर यांच्या मध्ये कुठेतरी उष्णता होऊन जळत होते.

हिशोब कागदावर मांडला. बोर्डापासून पंपापर्यंत दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल होती. अशा केबलचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. जाऊन-येऊन ११० मीटर, म्हणजे १.३ ओहम, आणि केबल तापलेली असताना जरा जास्तच. ८.३ अँपिअरला हे साधारण १२ व्होल्ट होतात. उरलेले तीन?

तीन व्होल्ट शोधायचे तर वाटेतल्या प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे मीटर लावून बघायचं, मोटर चालू असताना. चांगल्या जोडावर व्होल्टच्या दहाव्या हिश्शाइतकंही दिसू नये. एमसीबीवर ०.१ आला. टायमरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या टर्मिनलमध्ये आला २.८. पंप नुकताच चालू झालेला असताना तिथेच १.१ होता. म्हणजे जोड जसा तापत होता तसा अधिकच बिघडत होता. २.८ व्होल्ट गुणिले ८.३ अँपिअर, म्हणजे २३ वॉट. एक लहान सोल्डरिंग आयर्न प्लास्टिकच्या काडेपेटीएवढ्या डबीत दिवसभर पेटती ठेवल्यासारखं.

वीज पाडून टायमर काढला. टर्मिनलजवळचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडून फुगलं होतं. वायरचं आवरण टोकापासून तीन-चार सेंटिमीटर कडक झालेलं, वाकवलं तर पापुद्रे निघाले. तांबं काळं, आणि स्क्रू बोटाने फिरेल इतका ढिला. नाकाशी धरलं तर जळक्या बेकलाइटचा तो ओळखीचा, आंबूस वास.

टायमरच्या अंगावर छापलं होतं १६ आणि कंसात ४. लोक १६ वाचतात आणि कंसाकडे दुर्लक्ष करतात. १६ अँपिअर हे हीटरसारख्या साध्या लोडसाठी. कंसातले ४ मोटारीसारख्या लोडसाठी. मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते आणि बंद होताना ठिणगी देते, म्हणून हा फरक. सात अँपिअरची मोटर त्या बिचाऱ्या टायमरवरून थेट चालवली जात होती. मधे कॉन्टॅक्टर असायला हवा होता, म्हणजे टायमर फक्त कॉन्टॅक्टरला इशारा देईल आणि मोटारीचा भार कॉन्टॅक्टर उचलेल.

कमी व्होल्टेजने मोटर का तापते, हे मला दर वेळी समजावून सांगावं लागतं, कारण लोकांना वाटतं कमी वीज म्हणजे कमी तापणं. बल्बचं तसं असतं. मोटारीचं उलट. पाण्याचं काम तेवढंच आहे, ते तिला ओढायचंच आहे. व्होल्ट कमी मिळाले तर ती अँपिअर जास्त घेऊन भरपाई करते. आणि वाइंडिंगची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. ७.२ च्या जागी ८.३ म्हणजे करंट १५ टक्के जास्त, पण उष्णता ३३ टक्के जास्त.

हलकं करायला गेले आणि जड झालं

जोड पुन्हा केला, वायर मागून कापून टोकाला नवं लग, म्हणजे धातूचं टोक, दाबून बसवलं, कॉन्टॅक्टर बसवला. एमसीबी परत १० चा केला. मधल्या कुणीतरी तिथे २५ चा बसवला होता. पंप एमसीबीने बंद पडतच नव्हता, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य, आणि धोका मात्र खरा: दीड स्क्वेअरची केबल २५ अँपिअरच्या राखणीत सोडली तर गरज पडेल तेव्हा आधी केबल जळेल, मग खटका पडेल. एमसीबी केबलच्या कुवतीवरून ठरवायचा असतो.

मला वाटलं, झालं. समितीच्या बाईंना तसं सांगितलंही. पंप एक तास पन्नास मिनिटं चालला आणि थांबला.

घाईत बोललो हे माझं चुकलंच. पण एक तास पन्नास मिनिटं म्हणजे पूर्वीच्या एकवीस मिनिटांच्या पाचपट, त्यामुळे दिशा बरोबर होती हे उघड होतं. मी परत क्लॅम्प मीटर लावला. व्होल्टेज सुधारल्यावरही करंट ७.८. अजून नावपट्टीच्या वर. तेव्हा मी फिल्टरकडे गेलो आणि व्हॉल्व्हच्या हँडलकडे पाहिलं.

हँडल ‘रीसर्क्युलेट’वर होतं. या जागेवर पाणी वाळूला स्पर्शच करत नाही; पंपातून निघतं आणि थेट तलावात परत जातं. प्रेशर गेज ०.३ बार दाखवत होता. कुणीतरी विचार केला होता की वाळूतून पाणी ढकलताना मोटारीला जोर लागतो, तर वाळूच मधून काढून टाकू, मोटर हलकी होईल. विचार कुणालाही पटेल असाच आहे. पण सेंट्रिफ्युगल, म्हणजे पाणी गरगर फिरवून बाहेर फेकणारा, पंप तसा वागत नाही.

पंपाची मेहनत तो दर मिनिटाला किती घागरी पाणी हलवतो यावर ठरते. वाट अरुंद केली की घागरी कमी होतात, मोटर हलकी होते. वाट मोकळी सोडली की तो जमेल तेवढं पाणी फेकत सुटतो आणि मोटर दमते. यावर कुणाचाही पटकन विश्वास बसत नाही, म्हणून मी काकांना क्लॅम्प मीटर हातात दिला. पंप बंद केला (चालू पंपावर हे हँडल कधीही फिरवू नये, आतलं गॅस्केट फाटतं), हँडल ‘फिल्टर’वर आणलं, पंप सुरू केला. गेज १.२ बारवर गेला. मीटरवर ६.६ अँपिअर. काकांनी मीटर हलवून, वायर बदलून, परत लावून बघितला. ‘‘आता तर जास्त जोर लागायला पाहिजे ना?’’ मी म्हटलं, काका, जोर जास्त आहे, पण पाणी कमी आहे, आणि वीज पाण्याचे पैसे घेते.

१.२ बार हे मळलेल्या वाळूचं लक्षण होतं. बॅकवॉश केला, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुतली, काचेतून आधी चहासारखं आणि तीनेक मिनिटांनी स्वच्छ पाणी दिसू लागलं, मग वाळू खळबळून घ्यायला अर्धा मिनिट रिन्स. परत ‘फिल्टर’वर गेज ०.८ बार आणि करंट ६.९. वाळू साफ झाल्यावर करंट वाढला, कारण वाट मोकळी झाली. तरीही नावपट्टीच्या आत.

गढूळ पाण्याचंही उत्तर इथेच होतं. दोन महिने संकुलाला वाटत होतं की पंप मधेमधे थांबतो म्हणून पाणी खराब आहे. पंप थांबत होता हे खरं, पण चालू असतानाही पाणी नुसतं फिरत होतं, गाळलं जात नव्हतं. माझ्या पहिल्या भेटीत १.८ मीटर खोलीवरची तळाची जाळी वरून दिसत नव्हती. ती दिसत नसेल तर कुणालाही पाण्यात सोडू नये. बुडणारा माणूसही दिसणार नाही. समितीने त्याच संध्याकाळी तलाव बंद केला आणि पाणी स्वच्छ होईपर्यंत उघडला नाही.

लाकडी पेटी

करंट जागेवर आला तरी एक आकडा मला खटकत होता. कटआउट पडायच्या वेळी इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटारीची बॉडी ८८ अंश दाखवली होती. ८.३ अँपिअर लक्षात घेतले तरी जास्तच. पंप एका लाकडी पेटीत होता. आवाजाची तक्रार आली म्हणून ती पेटी बनवली गेली होती, फळ्या एकमेकींना घट्ट, वर झाकण, आतून फोम. सुतारकाम खरोखर सुरेख होतं. पण दुपारी पेटीबाहेर हवा ३६ अंश असताना आतली हवा ५२ अंश होती.

अशा मोटारी सहसा ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बांधलेल्या असतात. मागच्या टोकाला एक पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून बॉडीच्या पात्यांवरून पुढे फेकतो. इथे पंख्याच्या जाळीपासून फळी फक्त ३ सेंटिमीटरवर होती आणि त्या फटीत वाळकी पानं, कोळिष्टकं आणि फोमचा चुरा भरला होता. पंखा पेटीतलीच तापलेली हवा पुन्हापुन्हा घुसळत होता.

मी काकांना विचारलं, पेटी कधी बसवली? त्यांनी वही मागे उलटली. वहीची सुरुवात पेटीनंतर तीन आठवड्यांनी होती. तिथून सगळा क्रम जुळला. बारीक केबल आणि टायमर पहिल्या दिवसापासून तसेच होते आणि मोकळ्या हवेत मोटर ते सहन करत होती. पेटी आली, उन्हाळा आला, दुपारी कधीतरी कटआउट पडू लागला. त्यावर इलाज म्हणून व्हॉल्व्ह फिरवला गेला, करंट वाढला, टायमरचा आधीच ढिला असलेला जोड जास्त तापू लागला, व्होल्टेज आणखी पडलं, करंट आणखी वाढला. कुणीही मुद्दाम काही बिघडवलं नव्हतं. प्रत्येकाने आपल्या परीने मदतच केली होती, फक्त आधीच्याने काय केलं ते पुढच्याला माहीत नव्हतं.

माझी खात्री पटावी म्हणून एक दिवस पेटीचं झाकण आणि मागची फळी काढून पंप चालवला. बॉडी ६४ अंशांवर जाऊन थांबली, दिवसभर त्याच्या वर गेली नाही. दुसऱ्या दिवशी झाकण आणि फळी परत लावली, बाकी सगळं तेच: दुपारी तीनपर्यंत ७९ आणि अजून चढत होती. कटआउट पडायची वाट न बघता मी थांबवलं. वाइंडिंगच्या इन्सुलेशनबद्दल मोटरवाल्यांचा जुना ठोकताळा आहे, दर १० अंश वाढीला आयुष्य निम्मं. म्हणजे कटआउट पडत नसला तरी पेटीतली मोटर रोज थोडी थोडी म्हातारी होत होती.

पेटी मोडावी असं मी सुचवलं नाही. ज्यांच्या खिडकीखाली पंप होता त्यांची तक्रार खरी होती. पंख्याकडची फळी काढून तिथे १५ सेंटिमीटर मोकळं ठेवलं, सावलीच्या बाजूला खाली जाळी बसवली, समोरच्या बाजूला वर दुसरी, म्हणजे थंड हवा खालून आत, गरम वरून बाहेर. छप्पर तसंच ठेवलं, कारण मोटारीवर थेट ऊनपाऊस नको. पंपाखाली रबरी पॅड घातले. आवाज निम्म्याहून जास्त तर जमिनीतूनच जात होता, तो पॅडने गेला.

केबल दोन आठवड्यांनी बदलली. पंप त्याआधीच व्यवस्थित चालत होता, त्यामुळे समितीत कुणी विचारलं की आता गरज काय. मी आग्रह धरला. दीड स्क्वेअरवर ६.९ अँपिअरलाही नऊ-साडेनऊ व्होल्ट जात होते. चार स्क्वेअरवर साडेतीन जातात. बोर्डावरचं व्होल्टेज कुणाच्या हातात नाही, एखाद्या दुपारी ते २१० वर आलं तर मोटारीला तेवढीच सवड. नवी केबल पाइपातून, मधे एकही जोड न देता टाकली, आणि बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी घातला, जो तिथे नव्हताच. तो नसताना दोन महिने चौघांनी त्या मोटारीत हात घातले होते, हे मला आजही आठवलं की अस्वस्थ व्हायला होतं.

पाणी तिसऱ्या दिवशी निवळलं. क्लोरीनचं माप पुन्हा बसवलं, वाळू दोनदा बॅकवॉश केली, आणि तळाच्या जाळीच्या पट्ट्या वरून मोजता येऊ लागल्या तेव्हा तलाव उघडला.

महिन्याभराने मी परत गेलो. काकांनी वहीत दोन रकाने वाढवले होते, गेज आणि अँपिअर. क्लॅम्प मीटर समितीने त्यांना घेऊन दिला होता आणि तो कसा लावायचा हे ते आता शेजारच्या इमारतीच्या माणसाला दाखवत होते. गेज ०.८ वरून १.१ झाला की बॅकवॉश, हे त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. पानामागून पान तेच: ८:०० चालू, ४:०० बंद. एकाच दिवशी मधे एक नोंद होती, १२:१० बंद, १२:३५ चालू. माझं बोट तिथे थांबलेलं बघून काका म्हणाले, ‘‘ते नव्हे साहेब, तेव्हा लाइट गेली होती,’’ आणि समासात तसं लिहिलेलंही होतं.